हाडातल्या मगजापासून डोळ्याच्या पडद्यापर्यंत

मधुमेह जुना झालेल्या माणसाच्या पायाला जखम झाली की ती महिनोन् महिने रेंगाळते. त्यामागे कारणं अनेक असतात, पण एक मोठं कारण असं की जखमेच्या कडेने नव्या रक्तवाहिन्या फुटायला हव्यात, त्या पुरेशा फुटत नाहीत. त्याच माणसाच्या डोळ्यात मात्र उलटा प्रकार चाललेला असतो. तिथे कुणी मागितल्या नसताना, नको त्या जागी, नाजूक आणि गळक्या रक्तवाहिन्या फुटत राहतात. एक दिवस त्यातली एखादी तुटते, नजरेसमोर काळे धागे तरंगू लागतात, मग लालसर धुकं पसरतं, आणि माणूस घाबऱ्याघाबऱ्या सांगतो की डोळ्यात रक्त उतरलं. शरीर एक, रक्त एक, साखरही तीच. मग पायाला हवं ते मिळत नाही आणि डोळ्याला नको ते भरभरून मिळतं, हे कसं?

या प्रश्नाचं उत्तर फक्त डोळ्यात शोधलं तर ते अर्धंच हाती लागतं, असं मला वाटतं, आणि पुढची सगळी प्रकरणं याच समजुतीतून लिहिली आहेत. उरलेलं अर्धं उत्तर हाडांच्या पोकळीत आहे, तिथल्या मगजात. रक्त तयार करणारा हा मऊ, लालभडक भाग डोळ्यापासून लांब आहे. डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलेल्या माणसाला कुणी हाडांविषयी विचारत नाही आणि त्यात डॉक्टरांचंही काही चुकत नाही. तरीही गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या संशोधनाने या दोन जागांमध्ये एक वाट दाखवून दिली आहे. तिच्यावरून पेशींची ये-जा सतत चालते, आणि ती बिघडली की डोळाही बिघडतो.

आधी डोळ्याविषयी थोडं. डोळ्याचा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, हा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ थर आहे. पण शरीरात सर्वांत जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या ऊतींमध्ये त्याची गणना होते. त्याला दोन बाजूंनी रक्त मिळतं. आतल्या थरांना पडद्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या पोसतात आणि बाहेरच्या थरांना पडद्यामागचं कोरॉइड नावाचं रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. या दोन व्यवस्थांच्या मधला भाग निसर्गाने जाणून मोकळा ठेवला आहे, कारण प्रकाशाच्या वाटेत रक्त जितकं कमी तितकं दिसणं स्वच्छ. आपण ज्या बिंदूने अक्षरं वाचतो, माणसांचे चेहरे ओळखतो, त्या फोव्हियाच्या मध्यभागी तर एकही रक्तवाहिनी नसते. एवढ्या काटेकोर मांडणीत एखादी आगंतुक वाहिनी शिरली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. मधुमेहात अशा वाहिन्या पडद्याच्या आतल्या पृष्ठभागावरून डोळ्यातल्या काचाभ द्रवात घुसतात. वयोमानाने होणाऱ्या मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाच्या, ओल्या प्रकारच्या आजारात त्या मागच्या कोरॉइडमधून, कोरॉइड आणि पडदा यांच्या मधलं ब्रूक पटल फोडून वर येतात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या अर्धवट वाढलेल्या पडद्यावरही त्या फुटतात. हे तिन्ही आजार दिसायला वेगळे असले तरी तिघांत दृष्टी जाते ती एकाच गोष्टीपायी, चुकीच्या जागी उगवलेल्या रक्तवाहिन्यांमुळे.

त्या का उगवतात, याचा पहिला नेमका अंदाज १९४८ मध्ये आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञाने बांधला. ऑक्सिजनला मुकलेला पडदा एखादं रसायन सोडत असावा आणि ते आसपास पसरून वाहिन्यांना वाढायला लावत असावं, असं त्याचं म्हणणं होतं. ते रसायन सापडायला चार दशकं गेली. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ हे प्रथिन वेगळं केलं. १९९४ मध्ये मधुमेहाने डोळे बिघडलेल्या रुग्णांच्या डोळ्यातल्या द्रवात ते भरपूर प्रमाणात सापडलं आणि मायकेलसनचा तर्क खरा ठरला. त्यानंतर दहा-बारा वर्षांत व्हीईजीएफला अडवणारी औषधं दवाखान्यात पोचली. आज महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांतच नव्हे, जिल्ह्याच्या ठिकाणीही ‘डोळ्यातलं इंजेक्शन’ म्हटलं की लोकांना कळतं. सुन्न केलेल्या डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक सुई आत जाते आणि एका थेंबाएवढं, ०.०५ मिलिलिटर औषध सोडून बाहेर येते. या इंजेक्शनाने असंख्य लोकांची नजर वाचवली आहे आणि त्याची थोरवी कमी करण्याचा माझा मुळीच हेतू नाही.

पण हे इंजेक्शन पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. औषध संपलं की व्हीईजीएफची हाक पुन्हा सुरू होते, कारण पडद्यातल्या ज्या केशवाहिन्या बंद पडल्यामुळे ही हाक उठली, त्या बंदच असतात. त्या का बंद पडल्या, शरीराने त्यांची डागडुजी का केली नाही आणि डागडुजीच्या ऐवजी ही वेडीवाकडी वाढ का झाली, हे प्रश्न शिल्लक राहतात. इथूनच मगजाची गोष्ट सुरू होते.

फार काळ असं मानलं जाई की प्रौढ शरीरात नवी रक्तवाहिनी फुटते ती जवळच्या जुन्या वाहिनीपासूनच. भिंतीतल्या पेशी विभागतात, पुढे सरकतात, नळी लांबते, आणि बाहेरून कुणी येत नाही. पेशींपासून नव्याने वाहिनी बनणं हे गर्भातलं काम आहे, अशी समजूत होती. गर्भात रक्त आणि रक्तवाहिन्या एकाच जागी, बरोबरीने जन्मतात, हे फ्लॉरेन्स सेबिन या अमेरिकी संशोधिकेने कोंबडीच्या जिवंत भ्रूणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १९२० मध्येच लिहून ठेवलं होतं. ते वर्णन पाठ्यपुस्तकांत गर्भविकासाच्या प्रकरणात राहिलं. प्रौढ माणसाशी त्याचा संबंध असेल असं कुणाला वाटलं नाही.

१९९७ मध्ये बॉस्टनमध्ये ताकायुकी आसाहारा आणि जेफ्री इस्नर यांनी ‘सायन्स’मध्ये एक शोधनिबंध छापला आणि ही समजूत हलली. प्रौढ माणसाच्या रक्तातून त्यांनी अशा पेशी वेगळ्या काढल्या की ज्या प्रयोगशाळेत रक्तवाहिनीच्या अस्तरासारखं रूप घेत होत्या, आणि प्राण्यांत सोडल्यावर रक्तपुरवठा तुटलेल्या जागी जाऊन बसत होत्या. म्हणजे रक्तातून फिरणारी, वाहिनी बांधू शकणारी एक फौज मगजातून निघत असावी. या निबंधाने जगभर केवढी खळबळ उडवली असेल, याची कल्पना करता येते. हृदयाचे डॉक्टर त्यातून हृदय दुरुस्त करण्याची स्वप्नं पाहू लागले. डोळ्याच्या संशोधकांपुढचा प्रश्न मात्र वेगळा होता. ही फौज डोळ्यात आली तर ती तारेल की मारेल?

पाच वर्षांनी, २००२ मध्ये, ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात याच प्रश्नावर दोन निबंध आले. मला हा या विषयातला सर्वांत विलक्षण योग वाटतो, म्हणून इथे थोडं थांबतो.

पहिलं काम फ्लॉरिडा विद्यापीठातलं, मारिया ग्रँट आणि एडवर्ड स्कॉट यांच्या गटाचं. त्यांनी उंदरांचा मगज किरणोत्साराने नष्ट केला आणि त्या जागी दुसऱ्या उंदरांचा मगज घातला. हे दाते उंदीर असे होते की त्यांच्या पेशींमध्ये जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन होतं. आता या उंदराच्या अंगात जी पेशी मगजातून निघेल ती हिरवी, बाकीचं शरीर बिनरंगाचं. मग त्यांनी विषाणूच्या मदतीने डोळ्यात व्हीईजीएफ वाढवलं आणि लेझरने पडद्यातल्या शिरा बंद केल्या. म्हणजे मधुमेही डोळ्यात वर्षानुवर्षांत घडतं ते काही आठवड्यांत घडवून आणलं. शेवटी रक्तात लाल रंग सोडून पडदा बाहेर काढला, चार बाजूंनी चिरून फुलासारखा सपाट पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. लाल रंग फक्त तिथेच दिसणार होता जिथे रक्त खरोखर वाहत होतं. आणि त्या लाल प्रवाहाच्या भोवती, नव्याने फुटलेल्या वाहिन्यांच्या भिंतीत, हिरव्या पेशी होत्या. हाडातून आलेल्या पेशींची नळी झाली होती आणि तिच्यातून रक्त वाहत होतं. एकाच मूळपेशीपासून (स्टेम सेलपासून) सारा मगज पुन्हा उभा केलेल्या उंदरांतही हेच दिसलं. म्हणजे जी पेशी रक्त बनवते तीच वाहिनीही बनवू शकते. सेबिनने भ्रूणात पाहिलेलं नातं प्रौढ उंदराच्या डोळ्यात जिवंत होतं, पण ते आजाराच्या कामी लागलं होतं.

दुसरा निबंध कॅलिफोर्नियातल्या ला होया इथल्या स्क्रिप्स संस्थेतल्या मार्टिन फ्रीडलँडर यांच्या गटाचा. त्यांनी मगजातल्या मूळपेशी गाळून घेतल्या आणि नवजात उंदरांच्या डोळ्यात थेट टोचल्या. या पेशी पडद्यातल्या ॲस्ट्रोसाइट पेशींकडे ओढल्या गेल्या. ॲस्ट्रोसाइट म्हणजे वाढत्या रक्तवाहिन्यांना दिशा दाखवणाऱ्या आधारपेशी. त्यांच्या मागोमाग जाऊन मगजाच्या पेशी वाढत्या जाळ्यात नीट सामावल्या. ज्या उंदरांचा पडदा जन्मजात दोषामुळे झिजत जातो, त्यांच्या डोळ्यात या पेशींनी वाहिन्यांचा ऱ्हास थोपवला. तेवढंच नव्हे. याच पेशींमध्ये वाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या प्रथिनाचं जनुक घालून त्या टोचल्या, तेव्हा त्या त्याच जागी गेल्या आणि तिथली वाढ थांबली.

एकाच वर्षी, एकाच नियतकालिकात एक गट सांगतो की या पेशी नको त्या वाहिन्या बांधतात, आणि दुसरा सांगतो की त्या वाहिन्या वाचवतात, शिकवून पाठवल्या तर रोखतातही. या दोन निबंधांकडे परस्परविरोधी म्हणून पाहिलं की सगळा अर्थ निसटतो. दोन्हींत पेशी हाकेला प्रतिसाद देत होत्या. हाक वेगळी होती, वेळ वेगळी होती, डोळ्यातली परिस्थिती वेगळी होती.

पुढे या गोष्टीला एक मोठं वळण लागलं आणि ते टाळून पुढे जाणं मला पटणारं नाही. अनेक प्रयोगशाळांनी वाहिन्यांच्या भिंतीत अशा पेशी शोधल्या, तेव्हा कुठे भरपूर सापडल्या, कुठे तुरळक, कुठे जवळपास नाहीतच. २००७ मध्ये मर्विन योडर यांच्या गटाने दाखवलं की ज्यांना आपण वाहिनीच्या अस्तराच्या ‘पूर्वज पेशी’ म्हणत होतो, त्यातल्या पुष्कळशा खरं तर पांढऱ्या पेशींच्या, मोनोसाइटच्या कुळातल्या होत्या. संवर्धनात त्यांचं रूप अस्तरासारखं दिसे, पण स्वतःहून नळी उभारण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. त्या वाहिनीला बाहेरून चिकटून राहत आणि तिला वाढीची रसायनं पुरवत. काही जणांना यात आधीच्या दशकाचा पराभव दिसला. मला तसं वाटत नाही. पेशी भिंतीत विटेसारखी बसते की शेजारी उभी राहून बांधकाम चालवते, हा प्रश्न जीवशास्त्रज्ञाला महत्त्वाचा आहेच. रुग्णाच्या डोळ्याला मात्र दोन्हींत धोकाही आहे आणि उपायाची संधीही, कारण दोन्हींत पेशी मगजातूनच येते आणि तिला वाटेत अडवता किंवा वळवता येतं.

तिला बोलावतो कोण, हे आता बरंच स्पष्ट झालं आहे. ऑक्सिजन कमी पडला की पेशींमध्ये एचआयएफ नावाचं प्रथिन टिकून राहतं, एरवी ते लगेच मोडलं जातं. ते व्हीईजीएफचं उत्पादन वाढवतं आणि त्याबरोबर एसडीएफ-१ या दुसऱ्या प्रथिनाचंही. मगजातल्या मूळपेशींवर या एसडीएफ-१ ला ओळखणारा ग्राहक रेणू असतो. जिथे त्याचं प्रमाण जास्त तिकडे त्या सरकतात. २००५ मध्ये फ्लॉरिडाच्याच गटाने मधुमेही रुग्णांच्या डोळ्यातल्या द्रवात एसडीएफ-१ मोजलं, तर आजार जितका पुढे गेलेला तितकं ते वाढलेलं. मग उंदरांच्या डोळ्यात त्याला बांधून टाकणारी प्रतिपिंडं टोचली आणि नव्या वाहिन्यांची वाढ रोखली गेली. व्हीईजीएफ ही डोळ्यातल्या डोळ्यात घातलेली हाक म्हणावी, तर एसडीएफ-१ ही थेट हाडापर्यंत पोचणारी.

म्हातारपणी होणाऱ्या मॅक्युलाच्या आजाराने या चित्रात आणखी एक गाठ घातली. मगजातून निघालेले मोनोसाइट ऊतीत शिरून मॅक्रोफेज होतात. उंदरांत हे मॅक्रोफेज औषधाने नाहीसे केले, तर लेझरने उठवलेल्या कोरॉइडच्या वाहिन्या लहान राहिल्या, म्हणजे मॅक्रोफेज अपराधी ठरले. पण २००३ मध्ये जयकृष्ण अंबाती यांच्या गटाने दाखवलं की ज्या उंदरांत मॅक्रोफेजला बोलावणारी यंत्रणाच नाही, त्यांना वय झाल्यावर मॅक्युलाच्या आजारासारखे बदल होतात आणि वाहिन्याही फुटतात, कारण पडद्यामागे साचणारा कचरा उचलायला कुणी येत नाही. सेंट लुईस इथल्या राजेंद्र आपटे यांच्या गटाने २००६ मध्ये मॅक्रोफेजच वाहिन्यांची वाढ रोखतात असं दाखवलं, आणि पुढच्या वर्षी त्यात वयाचा मुद्दा आणला. तरुण उंदराचे मॅक्रोफेज वाढ आवरतात, वृद्ध उंदराचे तिला खतपाणी घालतात. हा आजार उतारवयातच का होतो याचं एक कारण इथे दिसतं. पडदा म्हातारा होतोच, पण त्याच्याकडे येणाऱ्या पेशीही म्हाताऱ्या झालेल्या असतात.

आता पुन्हा मधुमेहाकडे येतो, कारण या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग त्यालाच दिला आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यांच्यातल्या प्रत्येकाचा पडदा या गोष्टीत येतो.

मधुमेही पडद्यातली पहिली खरी हानी नव्या वाहिन्यांच्या बऱ्याच आधी होते. केशवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी मरतात आणि मागे नुसतं रिकामं आवरण उरतं. प्रयोगशाळेत पडद्यावर ट्रिप्सिन हे प्रथिनं विरघळवणारं विकर घालून बाकीची ऊती विरघळवली की वाहिन्यांचं जाळं तेवढं उरतं. त्यात या रिकाम्या नळ्या सापाच्या काते­सारख्या दिसतात, आकार जुनाच पण आत जीव नाही. निरोगी शरीरात अशा मरणाऱ्या पेशींची जागा भरून काढायला मगजातून कुमक येते. मधुमेहात ती येत नाही का? २००७ मध्ये सर्जिओ काबालेरो, मारिया ग्रँट आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या रक्तातून काढलेल्या पेशी इजा झालेल्या उंदरांच्या डोळ्यात सोडून पाहिल्या. निरोगी माणसाच्या पेशी बिघडलेल्या केशवाहिन्यांत जाऊन बसल्या. मधुमेही माणसाच्या पेशी बसल्या नाहीत. डोळे तेच, इजा तीच, फरक होता तो पेशी कुणाच्या अंगातून आल्या एवढाच.

दोन वर्षांनी ज्युलिया बुसिक आणि ग्रँट यांच्या गटाने आणखी मागे जाऊन पाहिलं. मधुमेह होऊन चार महिने झालेल्या उंदीरवर्गी रॅटच्या मगजात त्यांना मज्जातंतूंची टोकं फार कमी झालेली आढळली. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात हे घरोघरी माहीत आहे. इथे हाडाच्या आतली नस तशीच गेली होती. मगजातून पेशी बाहेर पडण्याला दिवसरात्रीचा एक ठेका असतो आणि तो या तंतूंच्या हुकमाने चालतो. तंतू गेले, ठेका मोडला. पेशी मगजात साचून राहिल्या आणि रक्तात कमी झाल्या. आणि हे सगळं पडद्यात आजार दिसण्याच्या आधी घडलं होतं.

हा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होतो की नाही हे वेगळं, पण माझ्या मते या विषयातला विचार बदलणारं काम हेच. पाय आणि डोळा यांच्या कोड्याची किल्लीही त्यात दिसते. मधुमेहाने मगजाची कुमक दुबळी केली, म्हणून पायाची जखम भरत नाही. त्याच दुबळेपणामुळे पडद्यातल्या केशवाहिन्या एकेक करून बंद पडतात आणि कुणी दुरुस्त करत नाही. मग बराच भाग ऑक्सिजनला मुकला की पडदा ओरडू लागतो, व्हीईजीएफ आणि एसडीएफ-१ यांचा पूर येतो, आणि उशिरा पोचलेल्या, साखरेत मुरलेल्या, दाह वाढवणाऱ्या पेशी दुरुस्तीऐवजी गळक्या वाहिन्यांना हातभार लावतात. आधी मदत कमी पडते, नंतर ती अवेळी आणि चुकीच्या प्रकारची येते.

तर मग निरोगी पेशी वेळेवर पोचवता येतील का? फ्रीडलँडर यांच्या गटाने २००६ मध्ये उंदराच्या पिलांवर याचा एक सुंदर नमुना दाखवला. पिलांना जन्मानंतर सातव्या ते बाराव्या दिवसापर्यंत ७५ टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवलं की पडद्यातल्या वाहिन्या आक्रसतात, आणि नेहमीच्या हवेत आणलं की सतराव्या दिवसाच्या सुमाराला वेडीवाकडी वाढ कळसाला पोचते. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांच्या आजाराचा हा प्राणिनमुना. यात मगजातल्या एका ठरावीक प्रकारच्या पेशी वेळीच टोचल्या तर त्या उजाड भागात शिरून मायक्रोग्लिया, म्हणजे पडद्यातल्या राखणदार पेशी, झाल्या, खऱ्या वाहिन्या लवकर परतल्या आणि वाईट वाढ कमी झाली. माणसांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत सुझॅना पार्क यांनी रुग्णाच्याच मगजातून काढलेल्या पेशी त्याच्या डोळ्यात सोडण्याची छोटी चाचणी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पहिल्या टप्प्यात सहा रुग्ण होते, आणि सुरक्षिततेपलीकडे काही सिद्ध करण्याचा तिचा दावाही नव्हता.

इथे मला वाचकाला कळकळीने थांबवायचं आहे. ‘स्टेम सेल’ने नजर परत आणून देतो असं सांगणारे दवाखाने जगभर आहेत. २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने फ्लॉरिडातल्या अशा एका दवाखान्यात उपचार घेतलेल्या तीन वृद्ध स्त्रियांची हकीकत छापली. त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या होत्या, पैसे घेऊन. तिघींचीही दृष्टी भयंकर बिघडली. आपल्याकडे आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं मगजरोपण सोडलं तर मूळपेशींचा उपचार नोंदणीकृत चाचणीबाहेर करता येत नाही, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. कुणी लाखांचा आकडा सांगत असेल तर तिथून उठून यावं. साखर ताब्यात ठेवणं, वर्षातून एकदा पडदा तपासून घेणं, लागेल तेव्हा लेझर आणि इंजेक्शन, आज हाताशी असलेले खात्रीचे उपाय हेच आहेत.

पुढची प्रकरणं वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी म्हणून शेवटी सांगतो. या विषयातलं बहुतेक ज्ञान उंदरांकडून आलं आहे. उंदराच्या डोळ्यात लेझरने केलेली इजा काही दिवसांची असते, तर माणसाच्या पडद्यातली हानी वीस-वीस वर्षांची. उंदराला मॅक्युला नसतो. किरणोत्साराने मगज जाळून दुसरा घातला की पडद्यावरही त्याचा परिणाम होतो, आणि एरवी आत न येणाऱ्या पेशी तेव्हा आत शिरू शकतात. म्हणून प्रत्येक प्रयोगाच्या सुरुवातीलाच तो कोणत्या प्राण्यावर झाला, इजा कशी केली आणि पेशी रक्तातून आल्या की सुईने डोळ्यात टोचल्या, हे लिहिलं आहे. पहिलं प्रकरण मगजातून पेशी बाहेर कशी पडते याचं आहे. ज्यांना फक्त डोळ्याच्या आजाराविषयी वाचायचं आहे त्यांनीही ते वगळू नये.